शेकडा एकशेपाच

माणसाने दूध विभागात नोकरी करावी, पण ती शेजाऱ्यांना कळू देऊ नये. मी कफ्र सुलैमच्या कृषी महाविद्यालयात अठरा वर्षं दुधातली प्रथिनं शिकवतोय, आणि आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांची अजून समजूत आहे की मी तिथे चीज बनवतो. उरलेल्या निम्म्यांची समजूत अशी, की मी बनवतो पण शेजाऱ्यांना देत नाही. ही दुसरी समजूत जास्त त्रासाची आहे. तिच्यापायी माझ्या बायकोला, इनआमला, जिन्यात टोमणे खावे लागतात.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या समोरच्या दारी राहणाऱ्या उस्ताज शौकत यांच्या तांदळाच्या खिरीवर साय धरली नाही. उस्ताज शौकत जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेत आणि इमारतीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष आहेत. ज्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर शिक्का नाही तो माणूस त्यांच्या लेखी हयात असतो. त्यांनी मला लिफ्टपाशी गाठलं.

"डॉक्टर, दुधात गाय आहे."

"कोणाच्या?"

"कोणाच्या काय? अम्म बदीरच्या. म्हशीचं म्हणून देतो आणि आत गाय. तीन दिवस खीर पाण्यासारखी होतेय."

"तांदूळ बदलला असेल."

"तांदूळ माझ्या मेहुण्याच्या शेतातला आहे," उस्ताज शौकत म्हणाले. त्यांच्या मेहुण्यावर संशय घ्यायची माझी तयारी होती, पण हिंमत नव्हती.

अम्म बदीरला आम्ही लहानथोर सगळेच अम्म, म्हणजे काका, म्हणतो. गेली बावीस वर्षं सकाळी साडेसहाला तो तीनचाकी सायकलवर दोन कॅन घालून येतो. घरी चार म्हशी. म्हशीचं दूध विकणाऱ्याला 'तू गाईचं मिसळतोस' म्हणणं म्हणजे आमच्याकडे त्याच्या आईवरून बोलण्यापेक्षा थोडं कमी, पण फार कमी नव्हे. म्हणून उस्ताज शौकत हे त्याला तोंडावर न म्हणता मला म्हणत होते. तपासून द्या म्हणाले. आणि इथे माझं नशीब आडवं आलं, कारण तेव्हा माझ्याकडे खरोखरच जागा रिकामी होती.

मला बढतीसाठी एक पेपर पाठवायचा होता. गाईचं आणि म्हशीचं दूध ठरावीक प्रमाणात मिसळून जेलवर किती अचूक ओळखता येतं, असा विषय. जेलला दहा रकाने असतात आणि माझ्या नमुन्यांना आठच लागत होते. रिकामी जागा दिसली की माझ्यातला मध्यमवर्गीय अस्वस्थ होतो. बस रिकामी दिसली तर मी काम नसताना चढतो. म्हटलं, दोन रकाने फुकट जातायत, जाऊ दे इमारतीचं दूध.

नमुना उस्ताज शौकतांनीच घेतला. खोकल्याच्या औषधाची बाटली, तिच्या बुचावर चिकटपट्टी, पट्टीवर त्यांची सही आणि साक्षीदार म्हणून त्यांच्या पत्नीची. बाटली धुतली नव्हती. दूध गुलाबी झालं होतं आणि त्याला चेरीचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली आली, पुन्हा दोन सह्यांसकट. तपासणी कशी होते ते मी त्यांना समजावून सांगितलं, तेही माझंच चुकलं. म्हटलं, जेल म्हणजे महलबियाचा, त्या थिजवलेल्या खिरीचा, पातळ थर समजा. त्यात दूध सोडायचं आणि वीज लावायची, की प्रथिनं पळू लागतात. गाईचं एक प्रथिन म्हशीच्यापेक्षा जरा पुढे जातं. मग निळा रंग दिला की जो जिथे थांबला तिथे पट्टी दिसते. पट्टी जितकी गडद तितका माल जास्त.

"म्हणजे गाय म्हशीपेक्षा चपळ," उस्ताज शौकत म्हणाले. "हे तर खेड्यातलं कोणीही सांगेल. त्याला वीज कशाला?"

जेल झकास आलं. आता त्याचा फोटो काढायचा. विभागाचा कॅमेरा ज्यांच्या ताब्यात आहे ते प्राध्यापक चार वर्षांच्या रजेवर कुवेतला गेलेत आणि कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबर कुवेतला नांदते आहे. म्हणून मी इनआमचा फोन नेला. त्या फोनला माणसांचे चेहरे उजळायची खोड आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्याने जेलवरचे सगळे डाग पुसून टाकले. फोटोत दहा रकाने, गुलाबी आणि तुकतुकीत, पट्टी औषधालाही नाही. पाच दिवसांची मेहनत लग्नातल्या नवरीसारखी दिसत होती.

"डाग दिसत नाहीत म्हणूनच तर मी तो फोन घेतला," इनआम म्हणाली. "तुला डाग हवे होते तर तुझा न्यायचास."

माझा नेला. फोटो नीट आला. तेवढ्यात उस्ताज शौकतांचा निरोप आला की रहिवाशांना पुरावा पाहण्याचा हक्क आहे, म्हणून मी तो इमारतीच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत चौथ्या मजल्यावरच्या हाज्जा सुरय्या यांनी लिहिलं, 'अल्ला शिफा देवो, डावं फुफ्फुस फारच खराब दिसतंय.' मग प्रार्थनांची रीघ लागली. फुफ्फुस कोणाचं हे कोणी विचारलं नाही. फोटो माझा, तेव्हा ते माझंच. संध्याकाळपर्यंत मसुराच्या सुपाची दोन पातेली दारात आली. आम्ही ती परत केली नाहीत, कारण सूप चांगलं होतं.

आता मोजणी. ती ज्या प्रोग्रामवर करतात तो फुकटचा आहे आणि जगभरचे लोक वापरतात. रकान्याभोवती चौकोन काढला की पट्ट्यांच्या जागी टेकड्या उमटतात. मग टेकडीच्या पायथ्याशी आपण एक रेघ ओढायची. टेकडी कुठे संपते आणि सपाटी कुठे सुरू होते हे यंत्राला कळत नाही, ते माणसाने ठरवायचं असतं. रेघ ओढून टेकडीवर टिचकी मारली की तिचं क्षेत्रफळ आकड्यात येतं. सगळी ग्यानबाची मेख त्या रेघेत आहे. रेघ केसभर वर गेली की गाय कमी, केसभर खाली आली की जास्त. माझ्या पेपरातल्या रकान्यांना मी तीन तीनदा, एकाला तर सातदा रेघ ओढली, आलेखातले बिंदू शिस्तीत एका ओळीत उभे राहीपर्यंत. आमच्या धंद्यात याला काळजीपूर्वक मोजणी म्हणतात.

हे सगळं करायला माऊस लागतो, आणि विभागाचा माऊस मादाम अवातिफ यांच्या ताब्यात असतो. मादाम अवातिफ आमच्या कचेरीतल्या टंकलेखिका. सरकारने ज्या वस्तूंपुढे त्यांचं नाव लिहिलंय त्यांत एक पंखा, दोन खुर्च्या आणि तो माऊस आहे. माऊस त्या खणात कुलपात ठेवतात. हवा असेल तर वहीत सही करून घ्यायचा आणि एकच्या आत परत द्यायचा.

"हरवला तर चौकशी माझी होईल, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाल कुवेतला."

अखेर इमारतीच्या रकान्याला मी एकदाच रेघ ओढली. घाई होती, एक वाजत आला होता. उत्तर आलं शेकडा दीड. दीड म्हणजे काहीच नाही. ती गाय नव्हे, माझ्या मनगटाची थरथर. मी खुशीत समोरच्या दारी जाऊन सांगितलं. उस्ताज शौकतांनी हात पुढे केला.

"कागद?"

"कसला कागद? मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगताय ते मी ऐकलं. आता गरुडाने सांगू दे."

सरकारी गोल शिक्क्यावरचा गरुड नसेल तर तो कागद नव्हे, रुमाल, असं त्यांचं मत आहे. आमच्या महाविद्यालयाची एक दूध तपासणी सेवा आहे, म्हणजे एका दारावर तशी पाटी आहे. तिचा छापील अर्ज भरला. मादाम अवातिफ म्हणाल्या, "आकडा चिठ्ठीवर लिहून ठेवा, मी टंकते. सही आत्ताच करून टाका, प्रमुख लवकर निघणार आहेत." मी चिठ्ठीवर आकडा लिहिला, कोऱ्या अर्जावर सही केली आणि तासाला गेलो. त्या दिवशी माझ्या मनात आलेला एकमेव विचार असा होता, की बघा, मनात आणलं तर सरकारी काम किती चटकन होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी इनआम शाळेला म्हणून खाली गेली आणि बुटांसकट परत घरात आली. ती प्राथमिक शाळेत गणित शिकवते.

"रिफअत, लिफ्टपाशी तुझा कागद लावलाय."

"लावू दे की. चांगलाच आहे."

"त्यावर लिहिलंय की अम्म बदीरच्या दुधात शेकडा एकशेपाच भाग गाईचं दूध आहे."

मी खाली धावलो. खरंच तसं लिहिलं होतं. माझी सही, प्रमुखांची सही, आणि दोघांच्या वर पंख पसरलेला गरुड. कागदापुढे अर्धी इमारत उभी होती. शंभरात एकशेपाच कसे बसतील असा प्रश्न त्यातल्या एकालाही पडला नव्हता.

"शंभर टक्के भेसळ," उस्ताज शौकत समजावून देत होते, "आणि वर पाच टक्के निर्लज्जपणा."

"म्हणजे आपल्या घरात होतं नव्हतं ते म्हशीचंही त्यानेच नेलं," हाज्जा सुरय्या म्हणाल्या.

अम्म बदीर जिन्याच्या पहिल्या पायरीवर कॅन घेऊन उभा होता. त्याला वाचता येत नाही. त्या दिवशी एकाही दारात भांडं नव्हतं. तो वरपर्यंत चढून गेला, तसाच उतरला, आणि जाताना त्याने इनआमला विचारलं, "बाई, त्या कागदावर माझं नाव आहे का?" इनआमने हो म्हटलं. पुढे काय लिहिलंय ते त्याने विचारलं नाही.

मी तडक मादाम अवातिफ यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. मनात भाषण तयार होतं. सरकारी बेपर्वाई, एका गरिबाची अब्रू वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं, फाइल उघडली आणि टाचणीने लावलेली माझी चिठ्ठी काढली.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"हा पहिला आकडा?"

"एक."

"शेवटचा?"

"पाच."

"आणि मधे हे काय आहे?"

"ठिपका."

"ठिपका म्हणजे किती, डॉक्टर?"

आमच्या अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो. अपूर्णांकाला आम्ही ठिपका देत नाही, स्वल्पविराम देतो. हे आम्ही पहिलीत शिकतो. पण आठवडाभर त्या परदेशी प्रोग्रामचे आकडे बघून बघून माझा हात बिघडला होता. आकडे लिहिले आपले आणि ठिपका दिला त्यांचा. मादाम अवातिफ यांनी जे वाचलं ते आमच्या देशातल्या कोणत्याही शिकलेल्या माणसाने वाचलं असतं.

"पण शेकडा एकशेपाच," मी म्हणालो, "तुम्हाला शंकाही आली नाही?"

"मी अठ्ठावीस वर्षं डॉक्टर लोक लिहितात ते टंकते. शंका घ्यायची पदवी तुमच्याकडे आहे."

कागद बदलून द्या म्हटलं, तर गरुड उठलेला कागद बदलत नाही. तो रद्द करायला समिती बसते. समिती बसायला सही करणाऱ्याने अर्ज द्यायचा, आणि त्यात कारणाच्या रकान्यात लिहायचं 'माझा निष्काळजीपणा'. त्या अर्जाची एक प्रत त्याच्या सेवापुस्तकाला लागते. माझी बढतीची फाइल त्याच महिन्यात वर जाणार होती.

मी अर्ज घेतला, घडी करून खिशात ठेवला, आणि घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, 'कचेरीच्या टंकलेखनात चूक झाली आहे. दूध शुद्ध आहे.' त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. आणि त्याचा उपयोगही झाला नाही. उस्ताज शौकतांनी उत्तर दिलं, 'गरुड टंकत नाही.' रात्रीच्या जेवणाच्या आत इमारतीत पक्कं झालं होतं की म्हशीवाल्याने डॉक्टरांच्या घरी काहीतरी पोचवलं. बहुतेक चीज.

अम्म बदीर रोज येत राहिला. रोज वरपर्यंत चढायचा आणि उतरायचा. इनआमने पहिल्या दिवसानंतर लगेच आमचं भांडं दारात ठेवलं होतं. तो ते ओलांडून जायचा. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, नमाजानंतर तो धुतलेली गलाबिया घालून आमच्या दारात आला. आत या म्हटलं, आला नाही.

"डॉक्टर, बाई म्हणत होत्या की आकडा चुकला."

"चुकला, अम्म बदीर. साफ चुकला."

"खरा किती?"

"दीड," मी म्हणालो, आणि एखादं बक्षीस द्यावं तसा हसलोही.

तो हसला नाही. "दीड काय?"

"शंभरात दीड भाग. गाईचं. म्हणजे जवळजवळ नाहीच."

"माझ्याकडे गाय नाही."

"नाही ना, म्हणूनच म्हणतो."

"माझ्या भावाकडे नाही, शेजाऱ्याकडे नाही. माझ्या अंगणात शेवटची गाय माझ्या लग्नात आली होती, आणि ती आम्ही जेवलो. मग ही दीड भाग गाय आली कुठून?"

हा प्रश्न मला अठरा वर्षांत कोणी विचारला नव्हता, पेपर तपासणाऱ्यांनीसुद्धा नाही. मी म्हणालो, "माझ्या हातातून." त्याला ते पटलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याला विभागात घेऊन गेलो. मादाम अवातिफ यांनी माऊसच्या वहीत त्याचा अंगठा घेतला, कारण नियम सर्वांना सारखा. त्यांच्याच खोलीत मी फोटो उघडला, त्याचा रकाना दाखवला आणि त्या लहानशा टेकडीखाली रेघ कुठे ओढायची ते सांगितलं.

"तुम्ही ओढा," मी म्हणालो. "म्हणजे कळेल."

त्याने माऊस हातात घेतला तो नव्या म्हशीला पहिल्यांदा हात लावावा तसा, बिचकणार नाही अशा बेताने. बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग सावकाश, एका दमात, पायथ्याशी रेघ ओढली. मी टिचकी मारली, हिशेब केला. आकडा आला दोन पूर्णांक तीन दशांश. माझ्यापेक्षा जास्त.

"छे छे, राहू द्या," मी घाईने म्हणालो. "पुन्हा ओढू. केसभर वर घेतली की खाली येतो. शून्यसुद्धा करून देतो."

"तुम्ही पुन्हा ओढता?"

"कधी कधी. हो."

"कुठवर?"

"बरोबर येईपर्यंत."

त्याने माऊस टेबलावर ठेवला. "बरोबर किती ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं?"

मी मादाम अवातिफ यांच्याकडे पाहिलं. त्या आपल्या पंख्याकडे बघत होत्या.

"मी माप एकदाच भरतो, डॉक्टर," अम्म बदीर म्हणाला. "गिऱ्हाइकासमोर. हात हलला तर हलला. लिहा दोन आणि काय ते."

"पण ते खरं नाही. तुमच्याकडे गाय नाही हे मला माहितेय."

"मला पण माहितेय. पण रेघ मी ओढली." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "शौकतसाहेबांचा मला राग नाही. त्यांना यातलं कळत नाही. तुम्हाला कळत होतं, आणि तुम्ही कचेरीवर ढकललंत."

तो गेल्यावर मी खिशातला अर्ज काढला आणि कारणाच्या रकान्यात जे लिहायला हवं होतं ते लिहिलं. मग माऊस परत द्यायची वेळ होईपर्यंत माझ्या पेपराचे आठही रकाने पुन्हा घेतले आणि प्रत्येकाला एकच रेघ ओढली. शिस्तीत उभे असलेले बिंदू शाळा सुटल्यासारखे पांगले. पेपर मी तसाच पाठवला. बढतीची फाइल वर गेली, तिच्याबरोबर निष्काळजीपणाची प्रतही गेली, आणि दोघी अजून वरच आहेत.

समिती तीन आठवड्यांनी बसली. नव्या कागदावर आकडा मी अक्षरांत लिहायला लावला, दोन पूर्णांक तीन दशांश. गरुडाखाली माझ्या हाताने आणखी दोन ओळी लिहिल्या. 'एवढा फरक मोजणाऱ्याच्या हातात असतो. अम्म बदीरकडे गाय नाही, आणि आधीची चूक माझी होती, कचेरीची नव्हे.' उस्ताज शौकतांनी तो कागद तीनदा वाचला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "म्हणजे तांदूळच." मेहुण्याशी त्यांचं बोलणं तेव्हापासून बंद आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या दारांत भांडी होती. मी स्वतः आमचं भांडं हातात धरून उभा राहिलो. अम्म बदीर वर आला, सलाम केला, मीही केला. आमच्याकडे माप ओतून झालं की दूधवाला कॅनमधून वर एक धार सोडतो. ती मागायची नसते आणि तिचे आभारही मानायचे नसतात. बावीस वर्षं ती रोज आमच्या भांड्यात पडत आली होती आणि मी तिच्याकडे कधी पाहिलंही नव्हतं. त्याने माप काठोकाठ भरलं, माझ्या भांड्यात ओतलं, शेवटचा थेंब झटकला आणि कॅनचं झाकण लावलं. मी भांडं जरा जास्त वेळ पुढे धरून ठेवलं. तो समोरच्या दाराकडे वळला. तिथे माप पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वरच्या धारेचा.

इनआमने माझ्या हातातून भांडं घेतलं आणि आत पाहिलं.

"कमी आहे का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "अगदी बरोबर आहे."